पेट्रोलची घनता आणि खानदेशातले ऊन

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळा तापू लागला की ‘पेट्रोल पहाटेच भरा, तेव्हा ते घट्ट असते’ हा सल्ला जळगाव-भुसावळकडे मोबाइलवरून फिरू लागतो. पंपावर लिहिलेली घनता आणि समोर मोजून दाखवलेली घनता जुळत नाही, म्हणून तेथे वादही होतात. दोन्हींच्या मुळाशी एकच गफलत आहे: घनतेचा आकडा आपण तापमानाशिवाय वाचतो.

घन पदार्थांच्या बाबतीत हे खपून जाते. त्यांचे कण एकमेकांना घट्ट धरून असल्यामुळे लोखंड १५ अंश सेल्सिअसवरून ४५ अंशांवर गेले, तरी त्याची घनता हजारात एखाद्या भागानेच कमी होते. द्रवाचे कणही जवळजवळच असतात, परंतु त्यांची पकड सैल असल्याने तेवढ्याच तापमानवाढीत पेट्रोलची घनता सुमारे साडेतीन टक्क्यांनी उतरते. वायूचे कण मात्र इतके विरळ असतात की एक घनमीटर पाण्याचे वजन सुमारे १००० किलो भरते, तेथे समुद्रसपाटीच्या दाबाला आणि १५ अंशांना तेवढ्याच हवेचे वजन जेमतेम सव्वा किलो असते. ती हवा ४५ अंशांवर गेली की घनता नऊ टक्क्यांहून अधिक घटते. शिवाय वायू दाबानेही सहज आकसतो, म्हणून त्याची घनता सांगताना तापमानाबरोबर दाबही सांगावा लागतो. (घन, द्रव, वायू ही शाळेत शिकवलेली उतरंडही ढोबळच आहे, पारा द्रव असून लोखंडाहून जड असतो आणि बर्फ पाण्यावर तरंगतो.)

आता पंपावरचा आकडा. तो १५ अंशांना रूपांतरित केलेला असतो. फलकावर ७४२ किलो प्रति घनमीटर लिहिले असेल आणि नमुन्याचे तापमान ४० अंश असेल, तर हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारे तरंगते उपकरण) साधारण ७२० दाखवील, आणि त्यात भेसळीचा संबंध नाही. ग्राहकाने थर्मामीटरचा आकडाही पाहावा आणि रूपांतराचा तक्ता मागावा. उलट, घनता जुळली म्हणजे पेट्रोल शुद्धच आहे, असेही समजू नये. योग्य प्रमाणात मिसळ करून ती जुळवता येते. पहाटेच्या सल्ल्यात तर फारसे तथ्य नाही, कारण पेट्रोलची टाकी जमिनीखाली असते आणि दिवसभरात तिचे तापमान फारसे बदलत नाही.

याच कारणाने लिटरवर विकल्या जाणाऱ्या खाद्यतेलाकडेही लक्ष वेधावेसे वाटते. एक लिटर सोयाबीन तेलाचे वजन २१ अंशांना सुमारे ९१९ ग्रॅम, तर ६० अंशांना सुमारे ८९३ ग्रॅम भरते. काही उत्पादक ६० अंशांचे आकारमान पिशवीवर छापत असत, म्हणजे तेवढ्याच लिटरला तेल वजनाने कमी भरे. आमच्या उन्हातही स्वयंपाकघर इतके तापत नाही! तेव्हा २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तापमानाचा उल्लेख न करता आकारमान छापावे आणि त्यासोबत दिलेले वजन बरोबर असावे, असे सांगितले. ग्राहकाने पिशव्यांची तुलना ग्रॅमवरूनच करावी, कारण तापमान बदलले तरी वजन बदलत नाही.

पंपचालकांनी घनतेच्या आकड्याशेजारी ‘१५ अंशांना’ एवढे दोन शब्द ठळक लिहिले, तर निम्मे वाद जागीच मिटतील. आपल्या दैनिकानेही उन्हाळ्यातील ग्राहकोपयोगी सूचना छापताना घनतेसोबत तापमान द्यावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, भुसावळ