उतरलेली बॅटरी आणि पार्किंगमधला एक प्लग

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परदेशी मुलांकडे तीन-चार महिने राहून परतलेल्या ज्येष्ठांची पार्किंगमधली मोटार सुरू होत नाही, इतकेच काय रिमोटने तिचे दारही उघडत नाही, हा प्रकार पुण्या-ठाण्याच्या गृहसंकुलांत आता नित्याचा झाला आहे. त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला असतो: ‘बॅटरी गेली, नवी टाका.’ हा सल्ला अनेकदा घाईचा असतो आणि घरी बॅटरी चार्ज करू पाहणाऱ्यांना आपल्या सोसायट्याच नको त्या जागी ढकलतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

बंद गाडीतही अलार्म, घड्याळ आणि संगणक यांसाठी थोडा प्रवाह सतत वाहत असतो. तो ४० मिलिअँपिअर धरला, तरी दिवसाकाठी जवळपास एक अँपिअर-तास (बॅटरीत साठणाऱ्या विजेचे माप) खर्च होतो. म्हणजे छोट्या मोटारीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी महिना-सव्वा महिन्यात रिकामी होते आणि पुढचे दिवस तशीच पडून राहते. खरे नुकसान या पडून राहण्याने होते. बॅटरी उतरताना प्लेटांवर शिशाचे सल्फेट तयार होते. ते ताजे असेपर्यंत चार्जिंगने सहज विरते, पण आठवडे लोटले की त्याचे स्फटिक मोठे आणि कठीण होत जातात.

अशा बॅटरीला नवा ‘स्मार्ट’ चार्जर लावला, तर तो बहुधा कामच सुरू करत नाही, कारण व्होल्टेज फार खाली गेले असेल तर समोर बॅटरी आहे हेच त्याला ओळखता येत नाही. चार्जरने नकार दिला म्हणजे बॅटरी मेली, असा निष्कर्ष मात्र काढू नये. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे असणारा जुन्या घडणीचा, काटा दाखवणारा चार्जर येथे उपयोगी पडतो. सुरुवातीला त्याचा अँपिअरचा काटा शून्यावरून जेमतेम हलतो, कारण सल्फेटच्या थरामुळे बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो आणि व्होल्टेज मात्र पाहता पाहता चढते. काही तासांनी तोच काटा हळूहळू वर सरकू लागला, तर प्लेटा चार्जिंग घेऊ लागल्या असे समजावे. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला एक-दोन अँपिअरच्या संथ प्रवाहावर पूर्ण दिवस किंवा त्याहून अधिक वेळ द्यावा लागतो. घाई करून प्रवाह वाढवल्यास बॅटरी तापते आणि प्लेटा वाकतात.

झाकणे उघडणारी बॅटरी असेल, तर चार्जिंगपूर्वी प्लेटा बुडतील इतकेच डिस्टिल्ड वॉटर घालावे आणि उरलेली पातळी चार्जिंगनंतर भरावी. नळाचे पाणी नको आणि वरून ॲसिड तर मुळीच नको. मॅग्नेशियम सल्फेटचे चूर्ण घालून बॅटरी ‘नवी’ करून दाखवणाऱ्या चित्रफितींवर मी विश्वास ठेवणार नाही. त्यात गेलेला पैसा थोडा असला, तरी उरलीसुरली बॅटरी हातची जाते. चार्जिंग संपल्यावर बॅटरी रात्रभर तशीच ठेवून मग व्होल्टमीटर लावावा. साधारण १२.६ व्होल्ट दिसले तर ती वाचली, आकडा १०.५ च्या आसपास अडकून बसला, तर बॅटरीतल्या सहापैकी एक सेल (कप्पा) गेला आहे आणि तिथे कोणताही चार्जर कामाचा नाही. सीलबंद बॅटरीवरच्या हिरव्या ठिपक्यावर विसंबू नये, कारण तो एकाच सेलची हकिगत सांगतो. वाचलेली बॅटरीही पूर्वीइतकी क्षमता देईलच असे नाही, हेही मान्य केले पाहिजे.

दुसऱ्या गाडीची केबल लावून इंजिन सुरू करणे आणि ‘अर्धा तास फिरवून आणा’ म्हणणे, हा या सगळ्याला पर्याय नव्हे. एसी आणि दिवे चालू ठेवून शहरातल्या कोंडीत अर्धा तास फिरल्याने पूर्ण उतरलेली बॅटरी भरत नाही, आणि अल्टरनेटरवर (इंजिनावर चालणाऱ्या वीजजनित्रावर) मात्र विनाकारण ताण येतो.

आता मूळ तक्रारीकडे येतो. पार्किंगमध्ये प्लग नसल्याने, किंवा असलेला वापरू दिला जात नसल्याने, लोक दहा-बारा किलोंची बॅटरी लिफ्टने घरात नेतात आणि बंदिस्त केलेल्या बाल्कनीत, क्वचित झोपण्याच्या खोलीतही, रात्रभर चार्जिंगला लावतात. चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले, की चार्जरच्या तारेचा चिमटा बॅटरीवरून काढतानाची एक ठिणगीही स्फोटाला पुरते. आतले द्रव गंधकाम्ल असते, हे वेगळेच. म्हणून चिमटे लावण्यापूर्वी आणि काढण्यापूर्वी चार्जरचा स्विच बंद करावा. गाडीतून बॅटरी काढताना ऋण टोक आधी सोडावे आणि बसवताना शेवटी जोडावे.

हे काम मोकळ्या हवेतच व्हायला हवे, आणि त्यासाठी सोसायट्यांनी पार्किंगमध्ये मीटर बसवलेला, अर्थिंग असलेला एक तरी प्लग उपलब्ध करून द्यावा. ‘सामायिक वीज कोणी भरायची’ या प्रश्नावर आमच्याकडे सभेत तावातावाने चर्चा झाली. प्रत्यक्षात एक बॅटरी पूर्ण भरायला जेमतेम एक युनिट वीज लागते. विक्रेत्यांकडूनही एवढीच अपेक्षा आहे की, बॅटरी निकामी ठरवण्यापूर्वी त्यांनी ती संथ गतीने चार्ज करून, लोड टेस्ट (भार देऊन तपासणी) करून, व्होल्टेजचे आकडे ग्राहकाला लेखी द्यावेत. खरोखरच निकामी ठरलेली बॅटरी २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार अधिकृत संकलनासाठी परत द्यायची असते. ॲसिड गटारात ओतून शिसे वितळवणाऱ्या भंगारवाल्याकडे ती जाऊ नये.

आपला,
एक वाचक (निवृत्त वीजतंत्र शिक्षक), पुणे