पैसे मोजून सायकल

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "एवढे पैसे मोजून सायकल मारायला परदेशात कशाला जायचं गो? तुझ्या बाबांनी जन्मभर पोस्टाची पत्रं वाटत सायकल मारली, वर पगार मिळाला." मागून बाबा हसले, तेही ऐकलं मी. तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण तू दोन मिनिटांत "ठेवते, बिल येईल" म्हणतेस. रिचार्ज महिन्याचा असतो हे तुला किती वेळा सांगू! म्हणून पत्रच लिहिते. बाबांनी मोठ्याने वाचून दाखवावं, आणि मधले मजकूर गाळू नयेत.

मी एका गटाबरोबर सायकलच्या सहलीला गेले होते फिलिपिन्सला. त्या देशात ७,६४१ बेटं आहेत. आम्ही मधल्या भागातली, विसाया म्हणतात त्यातली चारच घेतली. सेबूला विमानातून उतरलो, तिथून बोटीने बोहोल, मग सिकिहोर, मग नेग्रोस बेटावरचं दुमागेते शहर, आणि तिथून परत सेबूच्या दक्षिण टोकाला. पाणी आलं की बोट, जमीन आली की सायकल. बोटीवर सायकली पुठ्ठे लावून एकमेकींना बांधतात आणि खलाशी त्यांच्यावरच टेकून झोपतात.

आता पैशाचं. पैसे सायकलचे नव्हतेच. एक गाइड पुढे, एक शेवटी, आणि सगळ्यांच्या मागे एक व्हॅन. व्हॅनमध्ये आमच्या बॅगा, पाण्याचे कॅन, केळी, ट्यूबा, चेनला लावायचं तेल. बाबा, तुम्हाला तो शेवटचा गाइड आवडला असता. त्याने कुणालाही मागे टाकायचं नाही, एवढंच त्याचं काम. आमच्यातली एक बाई दर वळणावर फोटो काढायला थांबायची. हा दहा पावलं मागे एक पाय जमिनीवर टेकून उभा, चेहऱ्यावर वैताग नाही. कुणी दमलं तर व्हॅनमध्ये बसायचं आणि पुढच्या थांब्याला परत सायकलवर. व्हॅनमधून उतरलेल्याला कुणी एका शब्दाने काही विचारत नव्हतं, हे मला फार बरं वाटलं. आपल्याकडे निदान चार जणांनी विचारलं असतं, "काय, दमलात?"

सकाळी सहाला निघायचं, कारण दहानंतर ऊन अंगावर येतं. तिथे गाड्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे पहिल्या सकाळी प्रत्येक चौकात मी मनातल्या मनात "उजवीकडे, उजवीकडे" असा जप करत होते. रस्त्यात खड्डा दिसला की पुढच्याने हात खाली करून बोट दाखवायचं, तेच मागच्याने करायचं, असं शेवटपर्यंत. चढाचा नियम एकच: गिअर चढ लागायच्या आधी उतरवायचा. चढावर जोर देता देता बदलला की चेन कुरकुरते, कधी कधी उतरतेच. आई, तू दिलेली आमसुलं खूप कामाला आली. पाण्यात टाकून वर मीठ-साखर घालायची. दुसऱ्या दिवसापासून सगळे माझ्याच बाटलीकडे बघायला लागले.

रस्ते बहुतेक काँक्रीटचे, आणि गावात शिरलं की अर्ध्या रस्त्यावर भात वाळत घातलेलं. खरंच अर्ध्या. एका बाजूला पिवळं भात पसरलेलं, लाकडी फावड्याने ते वरखाली करणारी म्हातारी, आणि उरलेल्या पट्टीतून ट्रक, तीनचाकी आणि आम्ही. भातावर चाक गेलेलं कुणाला चालत नाही, आणि जातही नाही. पुढे खोबरं सुकवायच्या भट्ट्या. तो वास आला आणि मला एकदम आजोळच्या घराची वरची माडी आठवली. अंगणाअंगणांत झुंजीचे कोंबडे, प्रत्येकाच्या पायाला दोरी आणि प्रत्येकाला आपापलं तिकोनी छप्पर. घराला रंग नसेल, पण कोंबड्याच्या छपराला असतो. आणि कितीही लहान वस्ती असो, बास्केटबॉलची कडी हवीच. माडाच्या खोडाला ठोकलेल्या कड्यासुद्धा पाहिल्या, खाली पोरं स्लिपरवर उड्या मारतायत.

बोहोलमध्ये लोबोक नदीच्या काठाने चढत गेलो. लोबोकचं जुनं दगडी चर्च १५ ऑक्टोबर २०१३ च्या भूकंपात पडलं होतं. ७.२ चा भूकंप, दोनशेच्या वर माणसं गेली. ते चर्च पुन्हा उभं केलंय, निघालेले जुने दगड जमेल तिथे परत वापरून. त्याच्या वर महोगनीचं जंगल लागतं, माणसांनी लावलेलं, दोनेक किलोमीटरचं. उन्हातून आत शिरलं की थंडगार, दोन्ही बाजूंच्या फांद्या वर भिडलेल्या. सगळे वाहवा करत होते. मला मात्र तिथे पक्षी जवळजवळ ऐकूच आले नाहीत. बाहेरून आणलेलं एकच झाड ओळीने लावलं की असंच होतं, आपल्याकडच्या अकेशियाच्या प्लॉटसारखं.

मग चॉकलेट हिल्स. चुनखडीच्या बाराशेहून जास्त टेकड्या, त्यावर फक्त गवत. पंगतीत ओळीने भाताच्या मुदी घालाव्यात तशा दिसतात. उन्हाळ्यात गवत वाळून तपकिरी होतं म्हणून हे नाव. मी गेले तेव्हा फेब्रुवारीची अखेर होती, त्यामुळे काही हिरव्या, काही तपकिरी. बघायच्या टेकडीवर दोनशेच्या वर पायऱ्या आहेत. सायकल मारून आल्यावर त्या पायऱ्यांनी माझा जीव काढला, टेकड्यांनी नाही. टार्सियर नावाचं मुठीएवढं माकडासारखं जनावर पण पाहिलं. डोळे एवढे मोठे की खोबणीत हलतच नाहीत, म्हणून ते सगळी मानच मागे फिरवतं. ते रात्रीचं जागतं, दिवसा झोपतं, म्हणून तिथे कुजबुजायलाही बंदी. बाबांना तिथे नेलं असतं तर खोकून सगळ्यांना जागं केलं असतं.

आई, तुझ्यासाठी खरा मजकूर सिकिहोरचा आहे. हे बेट लहान, भोवती सत्तर-बाहत्तर किलोमीटरचा रस्ता, म्हणजे बेताने चालवलं तरी दिवसात फेरी होते. पण दुमागेतेला काय किंवा बोहोलला काय, सिकिहोर म्हटलं की लोक भुवया उंचावतात. तिथे करणी करणारे, औषध देणारे, फुंकर घालणारे आहेत अशी सगळ्या देशात ख्याती. आमच्या व्हॅनच्या ड्रायव्हरने बोटीतून उतरताना छातीवर क्रूस केला. स्पॅनिश लोकांनी त्याला आगीचं बेट म्हटलं होतं, झाडांवर काजव्यांचे थवेच्या थवे लागायचे म्हणून. ईस्टरच्या आधीच्या शनिवारी तिथले वैद्य एकत्र जमून मुळ्या, साली, पाला उकळून वर्षभराचं औषध करतात. आम्ही त्याच्या आधी गेलो, पण एका वैद्यबाईकडे गाइडने नेलं. तिने काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, त्यात एक काळा खडा टाकला, आणि नळीने पाण्यात फुंकत माझ्या पाठीवरून, पोटावरून पेला फिरवला. पाणी गढूळ झालं की रोग निघाला म्हणायचं. माझं पाणी गढूळ झालं. आता तू म्हणशील नळीत काहीतरी असेल. मलाही तसंच वाटलं. पण ती बाई पैसे मागत नव्हती, दिले ते न मोजता पेटीत टाकलेन, आणि उठताना माझ्या गुडघ्यावर खोबरेल चोळलंन. खोबरेलाने बरं वाटलं, हे मात्र खरं.

पुढे लाझी गावात चारशे वर्षांचा म्हणतात असा एक वड आहे. आपल्या वडाचाच भाऊबंद. त्याच्या मुळांतून झरा निघतो, समोर कुंड, आणि त्यात पाय सोडले की मासे येऊन पायांना चावे घेतात. मी पाय सोडून बसले होते तेवढ्यात शाळा सुटली. सात-आठ वर्षांचा एक मुलगा आला, माझा हात धरला आणि आपल्या कपाळाला लावला. तिथे वडीलधाऱ्यांना असा नमस्कार करतात. गाइडला म्हटलं, किती गोड. तो म्हणाला, "हो, म्हाताऱ्यांनाच करतात." म्हणजे झालं. केस रंगवायचे की नाही, हे आता तू ठरव.

जेवायला तिन्ही वेळा भात. माडाच्या पातीची विणलेली पुडी, त्यात तांदूळ घालून उकडलेला, तिथेच सोलायचा आणि हाताने खायचा. कोवळ्या फणसाची नारळाच्या दुधातली भाजी होती, तुझ्यापेक्षा कमी तिखट, पण चव ओळखीची. व्हिनेगर आणि आल्यात मुरवलेला कच्चा मासा खाल्ला. आवडला. आता बोल! माडी काढणारे खोडाला खाचा पाडून वर जातात, आणि ती माडी लाल रंगाची असते, कारण त्यात झाडाची साल घालतात. बाबा, चव घेतली, इतकंच सांगते.

एका गोष्टीला मी नाही म्हणाले. सेबूच्या टोकाला ओस्लोबमध्ये देवमाशांसारखे मोठे बहिरी मासे, म्हणजे व्हेल शार्क, बोटीतून कोळंबीचा भुगा टाकून रोज किनाऱ्याजवळ बोलावतात, आणि मग पर्यटकांना त्यांच्याबरोबर पाण्यात सोडतात. समुद्रात फिरायचा जीव, त्याला ठरल्या वेळी बशीवर यायची सवय लावली आहे. आमच्यातले काही गेले, त्यांना मजा आली. मी त्या सकाळी चहा प्यायले. पुढे मोआल्बोआलला किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर तारल्यांचे थवे असतात, कुणी काही न टाकता. चष्मा लावून पाण्यात तोंड घातलं, तर खाली चंदेरी भिंत, आपण हात हलवला की भिंत वळते. बाजारात टोपलीतली तारली एवढी वर्षं विकत घेतली, ती अशी दिसतात हे माहीत नव्हतं.

आता बाबा, कामाचं. आमच्यात सत्तरी ओलांडलेलं एक डच जोडपं होतं. नवऱ्याचा गुडघा बदललेला. ते दोघं बॅटरीच्या सायकलवर होते. पायडल मारावंच लागतं, फक्त चढावर मोटर जोर लावते, पायावर भार कमी. तो माणूस लोबोकच्या वरच्या चढाला माझ्या पुढून गेला, शीळ घालत. मी तेव्हापासून तुमच्या सायकलचा विचार करतेय. पडवीत गोणपाटाखाली तिला ठेवून आता तीन पावसाळे झाले. तुम्ही म्हणता गुडघा, आई म्हणते घाटीचा चढ, आणि मधल्यामध्ये तुम्ही पेपर आणायलाही रिक्षा करता, जी तुम्हाला मुळीच आवडत नाही.

मी चौकशी केली आहे. २५० वॅटच्या आतली मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या पुढे मदत न देणारी सायकल असेल तर तिला लायसन्स, नंबरप्लेट काही लागत नाही. रत्नागिरीत मिळते. दुकानात सपाटीवर फिरवून काही कळायचं नाही, म्हणून दुकानदाराकडून आपल्या घाटीत चालवून बघायची परवानगी काढायची, नाही म्हणाला तर दुसरं दुकान. बॅटरी काढून घरात आणता येते अशीच घ्यायची, म्हणजे पावसात पडवीत तार ओढायला नको. सीट खाली आणि उतरताना पाय टेकतील अशी. मेमध्ये मी येते तेव्हा जाऊ. आई, तू "पडतील, पडतील" असं म्हणू नकोस. पहिले दोन आठवडे मी मागून चालवते, दहा पावलं मागे, एक शब्द न बोलता. ते शिकून आलेय.

दादाला सांगितलंय, तो शुक्रवारी येऊन गुडघ्याचा एक्सरे काढायला नेईल. "मला काही झालेलं नाही" हे डॉक्टरसमोर बोला, त्याच्यासमोर नको.

पार्सल टाकलंय. त्यात सेबूचे सुकवलेले आंबे आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात आंबा पाठवते म्हणून हसू नका. हापूस पेटीत पडेपर्यंत पुरतील. आणि नारळाच्या दोन करवंट्या लाल कागदाने चिकटवून बंद केलेल्या आहेत, त्या देवापुढे ठेवून देऊ नका, फोडून खायच्या आहेत. आत चिकट तांदूळ, नारळाचं दूध आणि गूळ आटवून केलेलं गोड आहे, बोहोलच्या हाग्ना गावचं. साखर दोन्हीत भरपूर. बाबांना आंब्याचा एकच तुकडा, तोही जेवणानंतर. शेजारच्या काकूंना एक करवंटी दे, नाहीतर त्यांना वास लागेल आणि मग तू सांगत बसशील.

रविवारी सकाळी फोन करते.

तुमची,
धाकटी