जीनिव्हाच्या कायद्याची किल्ली एकट्या सरकारकडे का?

मा. संपादक,
स. न.

जून १९९९ मध्ये कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांच्या पाच जवानांचे मृतदेह पाकिस्तानने परत केले. अंगावर छळाच्या खुणा होत्या. युद्धातले कैदी, जखमी आणि सामान्य नागरिक यांना कसे वागवायचे हे ठरवणाऱ्या ‘जीनिव्हा करारा’चे नाव आपल्याकडे घरोघरी पोचले ते तेव्हा. फेब्रुवारी २०१९ मध्ये विंग कमांडर अभिनंदन पलीकडे सापडले, तेव्हाही आपण सर्वांनी याच कराराकडे बोट दाखवले आणि ते रास्तच होते. पण हा करार आपण आपल्या घरात कसा ठेवला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. म्हणून हे पत्र.

१९४९ च्या चारही जीनिव्हा करारांचे पहिले कलम एकच आहे: करार स्वतः पाळायचा आणि इतरांकडूनही पाळला जाईल हे पाहायचे, परिस्थिती कोणतीही असो. भारताने १९५० मध्ये हे मान्य केले आणि १९६० मध्ये संसदेने त्यासाठी वेगळा कायदाही केला. त्याचे कलम ३ भक्कम आहे. कराराचा गंभीर भंग करणारा कोणत्याही देशाचा असो, गुन्हा भारतात घडलेला असो वा बाहेर, त्याला इथे शिक्षा होऊ शकते. जाणूनबुजून जीव घेतला असेल तर फाशी किंवा जन्मठेप. पुढे कलम १७ येते आणि सगळे अडते. सरकारने किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याने तक्रार केल्याखेरीज कोणत्याही न्यायालयाने या गुन्ह्याची दखल घ्यायची नाही. मेलेल्याच्या आईबापांना, बायकोमुलांना या कायद्याखाली स्वतःहून फिर्याद करता येत नाही.

आम्हा गोवेकरांना हे अधिक लागावे, कारण या कायद्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निकाल गोव्याच्याच खटल्यातला आहे. मोन्सेन्योर मोंतेरो नावाच्या पाद्रींनी मुक्तीनंतरही पोर्तुगीज नागरिकत्व ठेवले. राहण्याच्या परवान्याची मुदत १९६४ मध्ये संपली आणि त्यांना देश सोडण्याचा हुकूम निघाला. गोवा हा व्यापलेला प्रदेश आहे, तिथल्या माणसाला जीनिव्हा करारानुसार हाकलता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९६९ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. गोवा भारतात विलीन झाला तेव्हाच तो व्यापलेला प्रदेश राहिला नाही, असे न्यायालय म्हणाले. तो भाग मला पूर्ण मान्य आहे, आमच्या माणसांनी मुक्तीसाठी तुरुंग भोगले आहेत. मला खुपते ते निकालातले दुसरे म्हणणे. करार पाळण्याचे बंधन सरकारने स्वीकारले आहे खरे, पण १९६० च्या कायद्याने तो सरकारविरुद्ध बजावून घेण्याचा हक्क कुणालाच दिलेला नाही. कायदा जसा लिहिला तसाच न्यायालयाने वाचला. चूक लिहिण्यातली आहे, आणि ती आजवर तशीच राहिली.

सप्टेंबर २०२४ मध्ये, गाझातले युद्ध चालू असताना, भारतातून इस्रायलला होणारी शस्त्रनिर्यात थांबवा, अशी याचिका आपल्या सर्वोच्च न्यायालयात आली. परराष्ट्र धोरणात आम्ही शिरणार नाही, असे सांगून न्यायालयाने ती फेटाळली. त्याच वर्षी फेब्रुवारीत नेदरलँड्समध्ये तीन स्वयंसेवी संस्थांच्या अर्जावर अपील न्यायालयाने एफ-३५ विमानांच्या सुट्या भागांची इस्रायलला होणारी निर्यात थांबवायला लावली. पुढे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने परवान्याचा फेरविचार सरकारनेच करावा, असे ठरवले. अंतिम निर्णय कुणाचा, हा वाद तिथेही आहेच. पण सरकारला आपला निर्णय न्यायालयापुढे तपासून घ्यावा लागला. शस्त्रे देताना करार मोडला जात नाही ना, हे पाहणे ‘इतरांकडून पाळून घेणे’ यातच येते. आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही एप्रिल २०२४ मध्ये सर्व देशांना शस्त्रपुरवठ्याबाबतच्या या जबाबदारीची आठवण करून दिली होती.

कलम १७ सैल केले तर कुणीही उठून लष्करी अधिकाऱ्याला कोर्टात खेचेल, असे म्हटले जाईल. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही, माझ्या घरातही फौजी आहेत. त्यासाठी उच्च न्यायालयाच्या पूर्वपरवानगीची चाळणी ठेवता येईल. पण दार उघडायचे की नाही हे एकट्या सरकारने ठरवायचे, आणि आरोप कदाचित सरकारवरच असायचा, हे मला पटत नाही.

पीडिताला किंवा त्याच्या वारसाला उच्च न्यायालयाच्या परवानगीने तक्रार करता येईल, एवढी एकच दुरुस्ती कलम १७ मध्ये हवी. गोव्यातून लोकसभेत दोन खासदार जातात. त्यांच्यापैकी जो मंत्री नसेल, तो हे खासगी विधेयक म्हणून मांडू शकतो. दोघांनाही या पत्राची प्रत पाठवत आहे.

आपला,
एक वाचक, म्हापसा