जुनी नाणी घासू नका

संपादक महोदय,

जुने नाणे हाती आले की टूथपेस्टने लखलखीत करण्याची घाई होते. कृपया तसे करू नका. घासल्याने बारीक ओरखडे उमटतात, टाकसाळीची मूळ झळाळी कायमची जाते आणि किंमत कोसळते. जाणकार १ ते ७० गुणांच्या श्रेणीत दर्जा ठरवतात. ६०च्या खाली म्हणजे व्यवहारात वापरले गेलेले नाणे. झीज आधी नाण्यावरच्या चेहऱ्याचे केस, गाल अशा उंचवट्यांवर दिसते. अस्सलपणासाठी ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा हवा. वजन अधिकृत नोंदीशी जुळत नसेल किंवा कडेवर साच्याची जोडरेघ दिसत असेल, तर संशय घ्याच. चांदी चुंबकाला चिकटत नाही खरी, पण तांबे-पितळही चिकटत नाही! आणि मऊ पीव्हीसीची पाकिटे टाळा, त्यांनी नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो.

– एक नाणेसंग्राहक