कटऑफची यादी बाजूला ठेवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
साष्टांग नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की सीईटीचे पर्सेंटाइल आणि कॅपचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, ऑप्शन फॉर्म याशिवाय घरात दुसरा विषय नसतो. सांगोल्याकडच्या कितीतरी घरांत दर उन्हाळ्यात हेच चालतं. म्हणून हे पत्र तुमच्या घरी न पाठवता सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

माझ्या वेळी आमच्याकडे एकच प्रश्न होता, इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर ब्रँच मिळेल का? आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मागच्या वर्षीच्या कटऑफची यादी छापून आणली होती. जिथे नंबर लागेल तिथे जायचं, हे ठरल्यात जमा होतं. तुम्ही ती यादी बाजूला ठेवलीत आणि मला विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून दुसऱ्या वर्षाचे अभ्यासक्रम काढायला लावलेत. पहिलं वर्ष सगळ्यांना जवळपास सारखंच असतं, ब्रँच म्हणजे काय ते दुसऱ्या वर्षापासून कळतं, हे तोवर आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. कॉम्प्युटरला डेटा स्ट्रक्चर्स, मेकॅनिकलला थर्मोडायनॅमिक्स, इलेक्ट्रिकलला नेटवर्क्स आणि मशीन्स. एकेका विषयावर बोट ठेवून तुम्ही विचारत होता, ‘हे चार वर्षं वाचावंसं वाटेल का?’ सिव्हिलच्या पानावर ‘इंजिनिअरिंग जिऑलॉजी’, म्हणजे जमिनीखालच्या खडकांचा विषय, आलं आणि मी विचारलं, ‘सर, नुसतं हेच शिकवणारा कोर्स असतो का?’

त्या प्रश्नामागे काय होतं ते तुम्ही लगेच ओळखलंत. आमच्या शिवारात पाणाड्या नारळ हातावर घेऊन फिरायचा, तो दाखवेल तिथे बोअर घ्यायची, आणि कोरडी गेली की कर्ज तेवढं उरायचं. शेजारच्या बांधावर पाणी आणि आमच्याकडे फुफाटा, असं का, हे मला लहानपणापासून जाणून घ्यायचं होतं. ‘हा माझा विषय नाही, पण माहीत असलेला माणूस शोधू,’ असं म्हणून तुम्ही भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत काम करणाऱ्या तुमच्या जुन्या विद्यार्थ्याला तिथल्या तिथे फोन लावलात. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग बेसॉल्टवर उभा आहे, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर थर. भरीव थरात पाणी फक्त भेगांतून फिरतं, सच्छिद्र आणि झिजलेल्या थरात ते साठतं, हे मी पहिल्यांदा त्या फोनवर ऐकलं. मला उत्तर मिळालं होतं, आणि त्या उत्तराचा अभ्यास करून पोट भरता येतं हेही कळलं होतं.

यापेक्षा मोठे उपकार मात्र पुढचे. आण्णांशी बोलायला तुम्ही स्वतः आलात, आणि त्यांना खोटी आशा दाखवली नाहीत. नुसत्या बी.एस्सी.वर भागणार नाही, एम.एस्सी. करावंच लागेल, जागा थोड्या निघतात, स्पर्धा फार असते, सगळं तुम्ही आधी सांगितलंत. मग दुसरी बाजू मांडलीत. यूपीएससीची भूवैज्ञानिकांसाठी वेगळी परीक्षा असते, त्यातून 1851 साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात आणि केंद्रीय भूजल मंडळात जाता येतं. जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईत एम.एस्सी. करता येतं. आण्णांनी शेवटी एवढंच विचारलं, ‘पोरीला जमंल का?’ तुम्ही म्हणालात, ‘तिला आवडेल, याची मला खात्री आहे. जमवणं तिच्या हातात आहे.’ आण्णा तेवढ्यावर तयार झाले. मुलीला कॉम्प्युटर सोडून दगडांमागे पुण्याला पाठवणाऱ्या माणसाला गावात काय काय ऐकावं लागतं, हे तुम्हाला माहीत आहे. त्यानंतरही वर्षभर तुम्ही त्यांना अधूनमधून फोन करत राहिलात, तो आधार त्यांना होता.

सगळ्यांना इंजिनिअरिंगपासून दूर न्यायचं, असं तुमचं कधीच नव्हतं, हेही इथे सांगायला हवं. माझ्या मैत्रिणीला कॉम्प्युटरच हवं होतं, तर तिचा ऑप्शन फॉर्म तुम्ही तितक्याच आस्थेने लावून दिलात. जागा गुणवत्तेनुसार आणि आपण दिलेल्या क्रमाने मिळते, म्हणून अवघड वाटणारं कॉलेज वर लिहिल्याने खालचं निसटत नाही. मात्र पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो आपोआप फ्रीज, म्हणजे कायम होतो, म्हणून पहिल्या क्रमांकावर मनापासून हवं तेच लिहायचं. या दोन गोष्टी ती आता तिच्या धाकट्या भावाच्या मित्रांना समजावते.

मी फर्ग्युसनमधून जिऑलॉजी घेऊन बी.एस्सी. केलं, आता पुण्यातच एम.एस्सी. करतेय. प्रकल्पासाठी आपल्याच तालुक्यातल्या विहिरींच्या पाण्याची पातळी पावसाआधी आणि पावसानंतर मोजायची आहे. आण्णा टेप धरायला बरोबर येणार आहेत. कुठल्या विहिरीत कुठला थर उघडा पडलाय, हे आता तेच मला दाखवतात.

सर, मे महिन्यात मी घरी आहे. या वर्षीच्या बारावीच्या मुलांना तुम्ही अभ्यासक्रम उघडून दाखवाल तेव्हा मला बोलवा. खडकांचे नमुने घेऊन येईन. तारीख तेवढी कळवा.

आपली विद्यार्थिनी