टिचबटणवाल्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम,

नाव घालत नाही, तुम्हाला संकोच वाटेल. आईच्या तोंडातले फोड सात महिने हटत नव्हते. आधी एकाने जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्याने बुरशीवरचं औषध. तिसऱ्याने मान वर न करता सुनावलं, "तोंड स्वच्छ ठेवत जा." पाणी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं हो तिच्या! ते वाक्य तिने जपून ठेवलं, जणू निकालपत्रच.

मग पाठीवर फोड आले आणि आम्ही तुमच्याकडे पोचलो. तुम्ही फोडाशेजारची, दिसायला चांगली कातडी अंगठ्याने हलकेच सरकवली. ती सुटून आली. पुढच्या तपासण्यांत शिरत नाही. पेम्फिगस व्हल्गॅरिस निघाला, शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच कातडीवर उलटते तो आजार. आईचा प्रश्न एकच, "माझं काय चुकलं?"

तुम्ही खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलात आणि तिच्या मांडीवरच्या प्लास्टिकच्या फाईलचं टिचबटण लावलंत. टिच्. "कातडीतल्या दोन पेशी अशाच जोडलेल्या असतात. या बटणांना डेस्मोसोम म्हणतात. अर्धं हिचं, अर्धं तिचं, आतून केराटिन नावाच्या प्रथिनाच्या दोऱ्यांना बांधलेलं." मग बटण उघडून मध्ये कागदाचा कोपरा धरलात. लागेना. "तुमच्या शरीराची प्रतिपिंडं, एरवी जंतूंशी लढणारी, अशी आड येतात. डेस्मोग्लीन नावाच्या प्रथिनाला चिकटतात, मग बटण धरत नाही. यात तुमची काही चूक नाही."

आईने स्वतः कागद काढला आणि बटण लावून पाहिलं. सात महिन्यांत पहिल्यांदा तिने काही कुतूहलाने हाताळलं.

"हृदयातली पण सुटतील का?" तिने विचारलं. तुम्ही हसला नाहीत. तिथेही बटणं आहेत, पण तिथलं डेस्मोग्लीन वेगळ्या जातीचं, आणि ही प्रतिपिंडं कातडीतल्या आणि तोंडातल्या जातींच्या मागे लागलेली, असं सांगितलंत. वर हेही, की हृदयाच्या पेशींमध्ये बारीक बोगदेही असतात, त्यांतून इशारा पसरतो म्हणून सगळ्या मिळून ठोका देतात. हे न सांगताही चाललं असतं. रांगेत माणसं ताटकळत होती. हुशार डॉक्टर आम्हाला आधीही भेटले होते, माणसाच्या डोक्यावरचं खापर उतरवायला पाच मिनिटं देणारं कोणी भेटलं नव्हतं.

"पेशींची सगळ्यात खालची रांग अजून तळाच्या अस्तराला घट्ट धरून आहे, नवी कातडी तिथूनच येते," हे तुमचं वाक्य आई येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते. औषधं चालू आहेत, स्टेरॉइडने चेहरा सुजलाय, त्याबद्दल कुरकुरही चालू आहे. परवा तपासणीला निघताना तिने फाईल बंद केली आणि बटण दोनदा दाबून पाहिलं.

तुमच्या पेशंटची मुलगी