सगळ्यांच्या बुटांना एकाच रंगाच्या नाड्या

आदरणीय सर,

हे पत्र तुम्हाला एकट्यालाही देता आलं असतं. पण तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणून ते वहीत सरकवलं असतं, म्हणून चारचौघांत लिहितेय.

लेकीची ड्यूक ऑफ एडिंबरा अवॉर्डची, म्हणजे सेवा, व्यायाम, कौशल्य आणि पायी मोहीम असे भाग असलेल्या ब्रिटनमधल्या युवा योजनेची, पहिली म्हणजे ब्राँझ पातळी पूर्ण झाली. तशी ती आधीच्या शाळेतच व्हायला हवी होती. तिथेही हीच योजना होती, माहितीपत्रकावर हसऱ्या मुलांचे फोटो होते, आणि सोबत सामानाची यादी. बूट चांगल्या कंपनीचेच हवेत, पाठीवरची सॅक अमुक लिटरची, स्लीपिंग बॅग, वॉटरप्रूफ जॅकेट. मोहीम बाहेरची कंपनी नेणार, तिचे पैसे निराळे. नोंदणीची फी या सगळ्यात किरकोळच म्हणायची! वर भर वर्गात विचारलं, "फीमध्ये सवलत कोणाला हवी? हात वर करा." त्या वयाची कुठली मुलगी हात वर करेल? हिनेही केला नाही. घरी येऊन म्हणाली, "मला नाही आवडत ते डोंगर-बिंगर." विषय संपला.

तुमच्या शाळेत आल्यावर तुम्ही तिला स्टोअररूममध्ये बोलावलंत. सॅक आणि तंबू सगळ्यांनाच शाळेचे, हे तुम्ही आधीच ठरवून टाकलं होतं, त्यामुळे तिथे मागणारा कोणी नव्हता आणि देणाराही. बुटांचं मात्र तसं नव्हतं. काहींचे घरचे, नवे कोरे. हिचे स्टोअरमधले, कोणीतरी आधी वापरून टाच झिजवलेले. निघण्याच्या आदल्या आठवड्यात तुम्ही लाल नाड्यांचा गठ्ठा आणलात आणि म्हणालात, "सगळ्यांनी आपापल्या नाड्या बदला. जुनी नाडी नेमकी उतारावर तुटते." नव्या बुटांच्याही नाड्या काढायला लावल्यात. जमिनीवर फतकल मारून मुलं नाड्या ओवत बसली आणि कोणाचे बूट कुठून आले हे बघायला कोणाला सवडच राहिली नाही.

नवीन बुटांची नाडी उतारावर कशी तुटेल, हे मी तुम्हाला कधीच विचारणार नाही.

ही योजना १९५६ साली सुरू झाली तेव्हापासून तिच्यात स्पर्धा नाही. कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञाच्या कल्पनेवर ती बेतली, आणि १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे नेते जॉन हंट तिचे पहिले संचालक. एव्हरेस्टची मोहीम नेलेला माणूस, तरी इथे पहिला-दुसरा नंबर ठेवला नाही. ज्याने त्याने आपल्याच कालच्यापेक्षा पुढे जायचं. पण शाळांनी स्पर्धा मागच्या दाराने आत आणली, ती दुकानात. कोणाची सॅक भारी, कोणाचं जॅकेट भारी. खरं तर बाकीच्या भागांना पैसा लागतोच कुठे? कोणासाठी तरी काम करा, शरीर हलवा, एखादं कौशल्य शिका, आठवड्याला तासभर, महिनोन्महिने. खिशाला चाट बसते ती मोहिमेत. आणि नेमकं तिथेच गरजू पोरगं गळतं.

मोहिमेतून ती काय घेऊन आली म्हणाल, तर मी बघतेय ते एवढंच. ४ ते ७ जणांचा गट, मोठी माणसं लांबून नजर ठेवणार, पण नकाशा मुलांच्याच हातात. एका फाट्यावर त्यांचं भांडण झालं म्हणे, डावीकडे की उजवीकडे. हिने होकायंत्र नकाशावर ठेवून दाखवलं आणि तिचं ऐकलं गेलं. वर्गात उत्तर येत असूनही मान खाली घालणारी आमची मुलगी! आता नव्या ठिकाणी गेलो की आधी उत्तर दिशा कुठे ते शोधते, मग चप्पल काढते.

याचा हिशेब मांडताना शाळा बस धरतात, तंबू धरतात. तुमचे रविवार कोण धरतं? पहाटे मुलांच्या सॅक हातात घेऊन वजनाचा अंदाज घेणारे तुम्हीच. अंगाच्या वजनाच्या चौथाईपेक्षा जास्त ओझं नको म्हणून एकेकाची सॅक उघडून जादाचे कपडे काढून ठेवणारेही तुम्हीच. चांगुलपणाला भत्ता मिळत नाही हे ठाऊक आहे, पण तो गृहीत धरला जाऊ नये एवढं तरी व्हावं. मदत करणारे पुष्कळ भेटतात. मदत घेणाऱ्याची मान ताठ ठेवून मदत करणारे फार थोडे.

लेक आता पुढच्या, सिल्व्हर पातळीला नाव देणार आहे. सेवेच्या तासांत स्टोअररूमच लावून द्यायची म्हणते, तुमची हरकत नसेल तर. आणि तंबू धुऊन वाळत घालायचे असतील त्या दिवशी मलाही हाक मारा. दोरीवर कपडे घालण्याचा माझा अनुभव दांडगा आहे.

आपली,
एक पालक